तो गंज गाडीचा नव्हताच : २०११ च्या एका सिल्व्हर वॅगनआरचं प्रकरण

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावातले काकाजी, रिटायर्ड शिक्षक, आपली २०११ ची सिल्व्हर वॅगनआर घेऊन माझ्याकडे आले. मी वणीत गाड्या धुवायचं अन् पॉलिशचं काम करतो. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांचा पहिला प्रश्न, "बापू, पूर्ण रंग माराले किती लागन, अन् मारला तर टिकन किती?" एका ठिकाणचं कोटेशन त्यांच्याजवळ होतंच, पूर्ण बॉडीचे ३२ हजार, आणि सांगणाऱ्यानं वरून असंही सांगितलं होतं की सिल्व्हर जमवणं कठीण जातं, पांढरा मारून टाकू. रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काकाजींच्या डोक्यात हिशोब वेगळाच चालू होता. गाडीला १५ वर्षं होत आली, मग रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, पासिंग करायचं, त्याचा खर्च आहेच, त्यात ३२ हजार रंगाचे, तेवढ्या पैशाला ही गाडी विकली तर काय येईल. इंजिन एक नंबर होतं. गाडी घेतली ती रिटायरमेंटच्या पैशातून, मुलीचं लग्न याच गाडीवर पार पडलं, काकूंना नागपूरला दवाखान्यात याच गाडीनं नेत होते. विकायची अजिबात इच्छा नव्हती हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं, पण गाडी आतून सडून राहिली असं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं.

तसं वाटायला कारणही होतं. बोनेट, छत आणि डावी बाजू, यावर खसखशीएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके, शेकड्यानं. हात फिरवला की खरखर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका ठिकाणी अडीच हजार देऊन रबिंग, म्हणजे मशीननं रंग घासून चमकवणं, करून घेतलं होतं, तेव्हा ठिपके गेले, गाडी चकाचक झाली, आणि एक पावसाळा गेला की सगळे परत. म्हणजे रोग आतला आहे, वरून कितीही घासा काही फायदा नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही असंच वाटलं असतं.

मी आधी काही बोललो नाही, गाडीला चक्कर मारली. समोरच्या बंपरवर डाव्या कोपऱ्यात तेच ठिपके. डाव्या आरशाच्या कव्हरवरही. काकाजींना जवळ बोलावलं अन् विचारलं, "हा बंपर कशाचा आहे काकाजी?" म्हणाले, "फायबरचा." म्हटलं, "मग फायबरले गंज लागते का?" ते थोडा वेळ बंपरकडे पाहतच राहिले. मग स्वतःच आरशाच्या कव्हरवर नख फिरवून पाहिलं, मग समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, तिथंही दोन-चार बारीक टोचणारे कण सापडले.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल इथंच लागला. फक्त पत्र्यावर ठिपके असते तर शंका घ्यायला जागा होती, पण प्लास्टिकवर आणि काचेवर तोच तपकिरी ठिपका दिसतो तेव्हा लोखंड बाहेरून येऊन बसलेलं आहे, गाडीचं नाही. गाडीचा स्वतःचा गंज असा रांगोळीच्या ठिपक्यांसारखा वरून पसरत नाही, तो कडेनं येतो, दाराच्या खालच्या पट्टीतून, चाकाच्या कमानीच्या आतून, जिथं चिखल साचते आणि पाणी थांबते, आणि तिथं रंग आधी फुगतो, फोड आल्यासारखा. तसा एक फोड या गाडीला होताच, मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, रुपयाच्या नाण्याएवढा. त्यावर नंतर येतो.

आता हे लोखंड बसते कसं ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर रबिंग का फेल गेलं ते कळणार नाही. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंगाचा थर, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असते. आपल्याला जी चमक दिसते ती त्या क्लिअरची. लोखंडाचा बारीक कण, त्यातही गरम कण, या क्लिअरवर पडला की त्यात रुततो. नुसता बसला असता तर धुण्यात गेला असता. मग रात्रीचं दव, पावसाळ्यातली ओल, त्या कणाला गंज चढतो, गंज चढला की लोखंड फुगते, आणि फुगलेला कण आजूबाजूच्या क्लिअरला अजून घट्ट धरून बसतो. रबिंगवाला मशीन फिरवतो तेव्हा वर आलेली टोपी कापली जाते, ठिपका दिसेनासा होतो, पण खालचा भाग तिथंच राहतो. पुढच्या ओलीत तो पुन्हा गंजतो. कपाशीतलं गवत वरून कापलं अन् मूळ ठेवलं, तसंच. वर दरवेळी रबिंगच्या पेस्टनं क्लिअर पातळ होतो तो वेगळा.

काकाजींचं म्हणणं पडलं की हे कोळशाचं आहे. आमच्या भागात गाडीला काहीही झालं तरी लोक कोळशावर टाकतात, आणि कोळशाची धूळ आहेही भरपूर, खाणी, कोळसा भरायची रेल्वे सायडिंग, रस्त्यानं दिवसभर चालणारे ट्रक, सकाळी बोनेटवर बोट फिरवलं की बोट काळं. पण कोळशाच्या धुळीनं तपकिरी ठिपका पडत नाही. ती काळी भुकटी असते, धुतली की बऱ्यापैकी जाते. तिचा त्रास वेगळा, आपण ती कोरड्या फडक्यानं पुसतो तेव्हा तेच दाणे रंगावर घासले जातात आणि उन्हात पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल-गोल ओरखडे दिसतात. काकाजी १३-१४ वर्षं रोज सकाळी जुन्या धोतराच्या तुकड्यानं गाडी कोरडी पुसत होते, प्रेमानं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण सांगणं भाग होतं, कारण ते चालूच राहिलं असतं तर बाकीच्या कामाला अर्थ नव्हता.

मग लोखंड कुठून? ठिपके डावीकडे जास्त, उजवीकडे जवळपास नाहीतच. मी विचारलं गाडी उभी कुठं राहते, तोंड कुणीकडे. तर घराच्या कंपाऊंडमध्ये, डावी बाजू शेजारच्या भिंतीकडे, आणि भिंतीपलीकडे चार वर्षांपासून वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अन् लोखंडी दरवाजे बनतात. भिंत पाच फुटाची. ग्राइंडर चालला की ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे दुसरं काय, तापलेल्या लोखंडाचा कणच की. "ठिपके कधीपासून आहेत?" तर "तीन-चार वर्षं झाले असन." काकाजींनी हिशोब स्वतःच जुळवला.

पण नुसत्या अंदाजावर मी काम धरत नाही. बंपरच्या कोपऱ्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंड काढायचं फवाऱ्याचं औषध, मारून दाखवला. यातलं मुख्य रसायन थायोग्लायकोलेट नावाचं असते, त्याची लोखंडाशी गाठ पडली की जांभळा रंग येतो आणि तो कण विरघळून पाण्याबरोबर निघतो. दोन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळाच्या रसासारखे ओघळ उतरायला लागले. काकाजी मुलांना प्रयोग दाखवणारे मास्तर, त्यांनी चष्मा लावून खाली बसून पाहिलं. कोळसा असता तर हा रंग आलाच नसता.

कामाला हात लावायच्या आधी रंगाची जाडी मोजली. हे मशीन पत्र्यावरच चालते, बंपरवर नाही. छत १०४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बोनेट ९८ ते ११०, म्हणजे कंपनीचा मूळ रंग शाबूत. मागचं डावं दार २३० च्या वर, काकाजींना आठवलं, २०१६ मध्ये बाजारात एका बैलबंडीचा दांडा लागला होता तेव्हा ते रंगवलं होतं. आणि डिक्कीवर एक चार इंचाचा फिकट तुकडा होता, तिथं ६२. हा तुकडा ३२ हजाराचं कोटेशन देणाऱ्यानं "गंज किती खोल आहे पाहू" म्हणून पॉलिश पेपरनं घासला होता. तिथं पांढऱ्या फडक्यानं थोडं पॉलिश घासलं तर फडकं करडं आलं. क्लिअर शाबूत असेल तर फडक्यावर गाडीचा रंग येत नाही, इथं रंग आला म्हणजे वरचा क्लिअर गेलेला आहे आणि खालचा सिल्व्हर उघडा आहे. याला पॉलिशनं काही होत नाही, पुन्हा रंग मारल्याशिवाय इलाज नाही. मला या सगळ्या गाडीत खरोखर राग आला तो याच तुकड्याचा. बंपरकडे एक नजर टाकली असती तर पेपर लावायची गरजच नव्हती.

काम दोन दिवस चाललं. जानेवारी होता म्हणून दिवसभर करता आलं, आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर ही रसायनं लगेच सुकतात अन् डाग सोडतात. उन्हाळ्यात करायचं असेल तर पहाटे करा, सावलीत करा, पत्रा हाताला थंड लागला तरच करा.

पहिले पाण्याच्या प्रेशरनं धूळ उडवली, मग शॅम्पूचा फेस, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, एकीत साधं पाणी, हातमोजा दरवेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शॅम्पूत. दाराच्या खालच्या भागात डांबराचे थेंब होते, नवीन रस्त्याचे, ते टार रिमूव्हरनं काढले. इकडे सर्रास रॉकेल किंवा डिझेल लावतात, डांबर त्यानं निघते हे खरं, पण तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ अजून चिकटते, लोक चमक आली म्हणून खूश होतात ती चमक तेलाची असते. लावलंच असेल तर लगेच शॅम्पूनं धुऊन काढा, अख्ख्या गाडीला तर फासूच नका.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग काचेवर अन् बोनेटवर होते. आमचं पाणी जड, थेंब उन्हात सुकला की क्षार तिथंच राहतो. त्यावर पांढरा व्हिनेगर अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून, फडकं ओलं करून मिनिटभर ठेवलं आणि भरपूर पाण्यानं धुतलं. काचेवरचे बरेच गेले, बोनेटवरचे काही पॉलिशपर्यंत राहिले. संडास-बाथरूम साफ करायचं ऍसिड यासाठी वापरू नका, क्षार जाईल पण सोबत क्रोम, ऍल्युमिनियम, रबर सगळं खराब करून जाईल, आणि फटीत राहिलं तर पत्र्याला खरा गंज आणेल.

मग आयर्न रिमूव्हर, पूर्ण गाडीला. वास सडक्या अंड्यासारखा, हातमोजे अन् मास्क लावूनच, मोकळ्या हवेत. फवारा मारला, तीन-चार मिनिटं ठेवला, सुकू दिला नाही, धुतला. पहिल्या वेळी डावी बाजू अशी जांभळी झाली की शेजारच्या चहावाल्यानं येऊन विचारलं काहून रंग सांडला का भाऊ. दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्यांदा छतावर अन् डाव्या बाजूलाच मारला. चाकांवरही मारला, तिथं ब्रेकची लोखंडी धूळ असते, चाकंही जांभळी झाली. तीन वेळात बहुतेक ठिपके गेले, हाताला अजून थोडी खरखर लागत होती. साधी पॉलिथिनची पिशवी हातात घालून ओल्या पत्र्यावर फिरवा, उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून स्पष्ट कळते. गाडीला काय चिकटलं आहे हे पाहायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

आता क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. हा क्रम उलटा करू नका, आधी रसायनानं लोखंड विरघळवा आणि उरलेल्यासाठी क्ले, कारण आधीच क्ले फिरवला तर तेच टोकदार कण क्लेमध्ये अडकून गाडीभर ओढले जातात. थंडीत क्ले कडक होतो, कोमट पाण्यात बुडवून मऊ केला, कणकेच्या गोळीसारखा मळून चपटा केला, पत्रा शॅम्पूच्या पाण्यानं चांगला ओला ठेवून हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवला. दाबायचं नाही. घाण दिसली की घडी घालून स्वच्छ बाजू वर. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, धुऊन वापरू नका, त्यात माती शिरलेली असते. माझा एक तुकडा पडला, टाकून दिला. बोनेट झाल्यावर मी काकाजींना पिशवीत हात घालून फिरवायला सांगितलं. त्यांनी हात फिरवला अन् म्हणाले, "काचेसारखं लागून राहिलं."

पॉलिश करताना मी बोनेटचा दोन फुटाचा चौकोन टेप लावून वेगळा केला आणि सगळ्यात हलकं फिनिशिंग पॉलिश मऊ फोमवर, ड्युअल ऍक्शन मशीननं (गोल फिरता फिरता डोलणारं, रंगाला कमी कापणारं) करून पाहिलं. निम्मे ओरखडे गेले. मग थोडं जास्त कापणारं पॉलिश, त्यात ऐंशी टक्के गेले असतील. तिथंच थांबलो. जे खोल ओरखडे राहिले ते काढायला क्लिअर अजून कापावा लागला असता, आणि १४ वर्षांच्या गाडीवर, आधीच एकदा रबिंग झालेल्या, मला ते पटत नाही. शोरूमसारखी नवी दिसली पाहिजे हा हट्ट करून लोक आपल्या गाडीची उरलेली वर्षं घासून टाकतात. डिक्कीच्या त्या तुकड्याला मशीन लावलंच नाही.

कमानीवरचा फोड खरा गंज होता, तो खरवडून उघडा केला, चांगल्या पत्र्यापर्यंत घासला, उरलासुरला गंज थांबवणारा रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, टचअपचा सिल्व्हर, वरून क्लिअर. जवळून पाहिलं तर दिसते. चालण्यासारखं आहे.

शेवटी काय लावायचं यावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं. काकाजींच्या जावयानं पुण्याहून फोनवर सिरॅमिक कोटिंग सुचवलं. मी नाही म्हटलं, माझा त्यात धंदा असूनही. कोटिंगनं धुणं सोपं होते, पाणी पटकन ओघळते, हे सगळं खरं, पण ठिणगी पडायची ती पडतेच, आणि गाडी त्याच भिंतीला उभी राहणार असेल तर ते पैसे वाया. त्यापेक्षा साधं सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणासारखा वरून लावायचा संरक्षक थर, हातानं दोन वेळा. आमच्या उन्हात माझ्या अनुभवानं चार-सहा महिने चालते, मग पुन्हा लावायला घरच्या माणसालाही जमते. बिल झालं ६,५०० रुपये, कमान धरून.

गाडी द्यायला मी स्वतः गावी गेलो, भिंत पाहायची होती. शेजारी दुकानवाला भला माणूस निघाला, त्याला माहीतच नव्हतं. डाव्या आरशावर त्याला दाखवायला आता ठिपके उरले नव्हते, म्हणून कामाआधी मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. त्यानं दोन दिवसांत ग्राइंडिंगच्या जागेला तीन फूट उंच पत्रा लावून घेतला. कव्हर घालायचं का, असं काकूंनी विचारलं. मी नको म्हटलं, उघड्या जागी वाऱ्यानं कव्हर हलते, खाली धूळ असली की तेच कव्हर पेपरसारखं घासते, आणि पावसाळ्यात आत ओल कोंडते.

गाडीची जागा बदलणं हाच मोठा प्रश्न होता. अंगणाच्या दुसऱ्या बाजूला आंब्याचं झाड. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकटा टाकतात, तो गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसून काळी बुरशी येते, शिवाय पाखरांची विष्ठा, जी उन्हात क्लिअरला चावते आणि एका दिवसातही डाग पाडते. म्हणजे दोन्ही जागा वाईट. मी आंबा निवडायला सांगितलं. चिकटा कोमट शॅम्पूच्या पाण्यानं जातो, विष्ठा दिसल्या दिसल्या ओल्या कापडानं भिजवून उचलता येते. रुतलेलं लोखंड घरच्या घरी सहज निघत नाही.

धोतराचा तुकडा त्यांनी बंद केला. आता आठवड्यातून एकदा धुणं, मधे पुसायचंच असेल तर आधी पाण्याचा फवारा.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा पाहिली. एक अख्खा पावसाळा गेला होता. छताच्या डाव्या कडेला मोजून १४ ठिपके, बोनेटवर तीन, बाकी काही नाही. आयर्न रिमूव्हरचा एक हात मारला, सगळे गेले, सीलंट पुन्हा लावलं. रबिंगनंतर एका पावसात जे शेकड्यानं परतले होते ते या वेळी आले नाहीत, म्हणजे जुनं लोखंड मुळासकट निघालं आहे आणि हे १७ ठिपके पत्रा लावायच्या आधीचे दडलेले म्हणा की वाऱ्यानं आलेले नवे म्हणा, एवढं तर चालणारच.

या मोहोरात चिकटा भरपूर पडला, काकू स्वतः बादली घेऊन धुतात. पासिंगचे कागद काकाजींनी जमवून ठेवले आहेत. डिक्कीचा तो चार इंचाचा तुकडा अजून तसाच आहे, उन्हात अजून फिकट पडला. होळीनंतर तेवढी डिक्की सिल्व्हरमध्येच रंगवून घ्यायची ठरली आहे, आणि रंग जुळवायला पेट्रोलच्या झाकणाचा पत्रा काढून न्यायचा, तो मूळ रंगाचा आहे अन् त्याला कुणी पेपर लावलेला नाही.